परदेशातील उद्योग विकत घेण्यापूर्वी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात लातूर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तिचा आम्ही नम्रतेने स्वीकार करीत आहोत. या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नव्हे. नांदेड येथे गेली चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा वह्यांपलीकडचे आम्हास फारसे कळत नाही, आणि आज सांगावयाचे आहे तेही वह्यांविषयीच आहे. परदेशातील एखादा चालू उद्योग विकत घ्यावयाचा झाल्यास तो घेण्यापूर्वी काय काय तपासावे, हा आमचा विषय होय.

हा तर मोठमोठ्या उद्योगपतींचा प्रश्न, आमच्या अडतीच्या दुकानाशी आणि डाळमिलशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी आम्हीही तसेच म्हटले असते. परंतु गेल्या वर्षी श्रावणात लातूरच्या आपल्याच एका घराण्यातील तरुण आमच्या कचेरीत आला. घरची डाळमिल तीन पिढ्यांची. मोझांबिक देशातील तूर मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत त्यांच्याकडे येत असे. त्या देशातील एक पेढी विक्रीस आहे असे दलालाने त्यास सांगितले होते. दोन गोदामे, धान्य साफ करण्याची यंत्रे, माल बंदरापर्यंत नेणाऱ्या आठ मालमोटारी आणि खेड्यापाड्यांतून तूर गोळा करणारी माणसे, अशी ती पेढी. सोबत तीन वर्षांचे हिशेब आणि गुळगुळीत कागदावर छापलेले एक रंगीत पुस्तक होते. बँक कर्ज देण्यास राजी होती. मात्र मिल आणि राहता वाडा दोन्ही तारण ठेवावे लागणार होते. वाड्यात त्याची ऐंशी वर्षांची आजी राहते. तो म्हणाला, "काका, मागितलेली किंमत योग्य आहे की नाही, एवढेच सांगा."

आम्ही त्यास सांगितले की, बाबा रे, किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे प्रश्न तू अद्याप विचारलेलेच नाहीस. ते प्रश्न कोणते, हे आज आपणा सर्वांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगण्यापूर्वी स्वतःची सांगणे शोभते. सुमारे तीस वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एका ज्ञातिबांधवांनी जवळच्या तालुक्यातील एक जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना चालू स्थितीत विकत घेतला. कागदपत्रे तपासण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही सात-बारा पाहिला, इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा पाहिला, बँकेचा दाखला पाहिला, यंत्रे मोजली, आवारातील सरकीची पोतीसुद्धा मोजली. सर्व काही जुळले. वर्षभराने भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीतून नोटीस आली. पूर्वीच्या मालकाने कामगारांच्या पगारातून निधीची वर्गणी कापून घेतली होती, परंतु ती भरली नव्हती. उद्योग हस्तांतरित झाल्यास मागील थकबाकीस नवा मालकही, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत, जबाबदार धरला जातो, असा त्या कायद्याचा दंडक होता. त्या गृहस्थांना मुलीच्या विवाहासाठी राखून ठेवलेला प्लॉट विकावा लागला. ते आम्हास एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच आम्हास अधिक लागले. आवारात जे दिसत होते ते सर्व आम्ही मोजले होते. जे देणे आवारात दिसत नव्हते, ते मोजावयाचे राहून गेले.

हीच गोष्ट साता समुद्रांपलीकडे, किती मोठ्या प्रमाणावर घडते ते पाहा. मुंबईच्या टाटा समूहातील पोलाद कंपनीने २००७ साली कोरस ही युरोपातील कंपनी विकत घेतली. इंग्लंडातील ब्रिटिश स्टील आणि हॉलंडातील होगोव्हन्स या दोन जुन्या कंपन्या १९९९ साली एकत्र होऊन कोरस बनली होती. टाटांनी ऑक्टोबर २००६ मध्ये दर भागास ४५५ पेन्स देऊ केले. पुढे ब्राझीलची एक पोलाद कंपनी स्पर्धेत उतरली, लिलाव झाला, आणि ३१ जानेवारी २००७ रोजी ६०३ पेन्सच्या बोलीवर ६०८ पेन्सची बोली करून टाटांनी बाजी मारली. साऱ्या देशाला त्या दिवशी अभिमान वाटला, आम्हासही वाटला.

परंतु त्या कंपनीबरोबर आणखी एक गोष्ट आली. ब्रिटिश स्टीलच्या आजी-माजी कामगारांचा निवृत्तिवेतन निधी, आणि त्यात सुमारे १ लाख ३० हजार माणसे. हे ओझे कोणी दडविले नव्हते, ते ताळेबंदात लिहिलेले होते. मग चुकले कोठे? वीस वर्षांनी अमुक रक्कम द्यावयाची असेल तर आज किती पैसा बाजूस ठेवावा, हे व्याजाच्या दरावर ठरते. व्याज उतरले की आज ठेवावयाची रक्कम वाढते. २००८ च्या अरिष्टानंतर इंग्लंडातील व्याजदर अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आले, आणि त्याच सुमारास युरोपातील पोलादाची मागणीही घटली. देणे वाढत गेले आणि ते फेडणारी मिळकत आटत गेली. अखेर २०१७ साली ५५ कोटी पौंड रोख आणि इंग्लंडातील कंपनीचा ३३ टक्के हिस्सा देऊन टाटांना तो निधी वेगळा करावा लागला. तत्पूर्वी २०१६ साली स्कंथॉर्प येथील कारखान्यासह एक मोठा विभाग नाममात्र एक पौंडास विकला गेला होता. पोर्ट टॅलबॉट येथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. एक पौंड ही किंमत ऐकून आपणास हसू येईल. परंतु विकणाऱ्याने कारखान्याबरोबर त्याचे ओझेही दुसऱ्याच्या खांद्यावर दिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका पौंडाचा अर्थ कळतो.

याच समूहाचा दुसरा व्यवहार पाहण्यासारखा आहे. २००८ च्या जून महिन्यात टाटा मोटर्सने फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे मोटारींचे दोन नामांकित उद्योग २३० कोटी डॉलरला घेतले. येथेही कामगारांचा निवृत्तिवेतन निधी होता. परंतु येथे विकणाऱ्याने, म्हणजे फोर्डने, त्या निधीत सुमारे ६० कोटी डॉलर भरावेत असे व्यवहारातच ठरले. व्यवहार पुरा होतो न होतो तोच सप्टेंबरात अमेरिकेतील मोठी पेढी बुडाली आणि जगभर मोटारींचा खप बसला. पहिले वर्ष फार कठीण गेले. खरेदीसाठी काढलेले अल्पमुदतीचे ३०० कोटी डॉलरचे कर्ज फिरविताना टाटांची दमछाक झाली. तरी तो उद्योग तरला आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याच मिळकतीवर मूळ कंपनी उभी राहिली. मागील देण्याचा जितका भाग विकणाऱ्याकडून वसूल करून घेता येईल तितका किंमत ठरण्यापूर्वीच घ्यावा, हा यातील बोध आहे. खरेदीखतावर सही झाल्यानंतर विकणारा पुन्हा दारात उभा राहत नाही.

आणखी एक वाट आहे, तीही सांगून ठेवतो. उद्योग विकत घेणे आणि उद्योगाची मालमत्ता विकत घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंपनीचे भाग घेतले की तिची सर्व जुनी देणी, खटले आणि करार मागोमाग येतात. मालमत्ताच घेतली तर यातील पुष्कळसे मागे राहते. पुष्कळसे म्हणतो, सर्व नव्हे, हे आमच्या जिनिंगच्या अनुभवावरून ध्यानात येईल. पुण्याच्या भारत फोर्जने २००४ च्या प्रारंभी जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस हा घडाईकामाचा उद्योग ताब्यात घेतला, तो दिवाळखोरीच्या कारवाईत निघालेला होता. अशा वेळी जुने धनको न्यायालयापुढे उभे असतात, कोणाचे किती देणे आहे हे उघड झालेले असते, आणि घेणाऱ्यास निवड करता येते.

आता ज्या उदाहरणावर थोडे अधिक थांबावयाचे ते उसाचे आहे. मांजरा आणि गोदावरी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना ऊस समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ते निवडले. बेळगावच्या मुरकुंबी मातापुत्रांनी १९९८ साली श्री रेणुका शुगर्स ही कंपनी काढली. आंध्रातील हिंदुपूर येथील निजाम शुगर्सचा आजारी कारखाना विकत घेऊन, तो उचलून त्यांनी सौंदत्ती तालुक्यातील मुनोळी येथे उभा केला. बोधनचा निजामाचा साखर कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्या बिलोली-देगलूरकडील मंडळींना या गोष्टीचे विशेष वाटेल. पुढे कंपनी वेगाने वाढली, आणि २०१० साली तिने ब्राझीलमध्ये दोन उद्योग घेतले: पाराना राज्यातील वाले दो इवाई, आणि साओ पावलो राज्यातील एकिपाव्ह या कंपनीचा अर्ध्याहून किंचित अधिक भाग. चार गिरण्या मिळून वर्षाला सुमारे १ कोटी ३६ लाख टन ऊस गाळण्याची त्यांची क्षमता होती.

कल्पना सुज्ञपणाची होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपला गळीत हंगाम कार्तिकाच्या सुमारास सुरू होऊन चैत्रापर्यंत संपतो. ब्राझीलच्या त्या भागातील हंगाम एप्रिलमध्ये सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो. एका देशातील चूल विझताच दुसऱ्या देशातील पेटावी, आणि तिकडील कच्ची साखर हल्दिया व कांडला येथील शुद्धीकरण कारखान्यांत आणावी, असा तो विचार. मग बिघडले कोठे?

पहिली गोष्ट, खरेदीची वेळ. फेब्रुवारी २०१० च्या आरंभी जगाच्या बाजारात कच्ची साखर पौंडास ३० सेंटांवर गेली होती; मे महिन्यात ती १४ सेंटांच्याही खाली आली. त्यामुळे एकिपाव्हची आधी ठरलेली किंमत पुन्हा बोलणी करून कमी करून घेण्यात आली, हे चांगलेच झाले. परंतु तेजीच्या शिखरावर असलेल्या उद्योगाचे हिशेब पाहून भविष्य बांधणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते. तीन वर्षांचे हिशेब पुरेसे नाहीत. त्यात मंदीचे एक तरी वर्ष आले पाहिजे.

दुसरी गोष्ट, शेतातील उसाचे वय. आपल्याकडे लागण आणि मग एक-दोन खोडवे घेतो. ब्राझीलमध्ये एकदा लावलेल्या उसाची पाच-सहा वेळा तोडणी होते, आणि दर तोडणीगणिक उतारा घटत जातो. म्हणून दरवर्षी ठराविक क्षेत्रात नवी लागण करावीच लागते. २००८ नंतर पैशाच्या टंचाईमुळे तेथील अनेक गिरण्यांनी ही लागण टाळली होती. गिरणीची क्षमता लोखंडात दिसते. तिला पुरणारा ऊस शेतात असतो, आणि तो म्हातारा झाला आहे की काय हे कचेरीत बसून समजत नाही. २०११ च्या हंगामात जुना ऊस, अवर्षण आणि हिमकडा हे सर्व एकत्र आले, आणि ब्राझीलच्या मध्य-दक्षिण भागातील गाळप ५५ कोटी ७० लाख टनांवरून ४९ कोटी ३० लाख टनांवर उतरले. २०१४ साली त्या भागाने पुन्हा मोठे अवर्षण पाहिले. गिरणीचे व्याज मात्र पावसाची वाट पाहत नाही.

तिसरी गोष्ट, सरकारचा हात. तेथील गिरण्या उसापासून साखर करतात तसेच मोटारीत घालावयाचे इथेनॉलही करतात. परंतु महागाई आवरण्यासाठी ब्राझीलच्या सरकारने त्या वर्षांत पेट्रोलचे भाव दाबून ठेवले. पेट्रोल स्वस्त राहिले म्हणजे इथेनॉलला भाव कोठून मिळणार? साखरेत मार खाल्ला तर इथेनॉलमध्ये भरून काढू, हा आधार त्यामुळे निसटला.

चौथी गोष्ट, चलन. २०१० साली एका डॉलरला सुमारे पावणेदोन रियाल मिळत. सप्टेंबर २०१५ मध्ये चारांहून अधिक मिळू लागले. ज्याचे कर्ज डॉलरचे आणि पुष्कळशी मिळकत रियालची, त्याचे कर्ज एक पैसाही नवा न घेता दुपटीहून अधिक झाले. त्याच सप्टेंबरात रेणुकाच्या ब्राझीलमधील कंपन्यांनी धनकोंपासून संरक्षण मिळावे म्हणून तेथील न्यायालयात अर्ज केला. २०१८ साली मूळ कंपनीचा ताबाही सिंगापूरच्या विल्मर या भागीदाराकडे गेला. शून्यातून उद्योग उभा करणाऱ्या, कर्तबगार आणि अभ्यासू माणसांची ही कथा आहे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास नाही. यातील एकेक संकट सोसता आले असते. परंतु कर्जाने खरेदी केलेल्या उद्योगावर चारही एकदम आली, आणि ती एकदम येऊ शकतात हे ध्यानात घेऊनच किंमत ठरविली पाहिजे.

चलनाची ही गोष्ट मराठवाड्याला तरी नवी वाटू नये. आमच्या वडिलांच्या पिढीने दोन नाण्यांत व्यापार केला आहे. लातूर निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली. माल एका गाडीने जाई, परंतु लातुरात हाली शिक्का चाले आणि बार्शीत कलदार. सात हालीला सहा कलदार, असा तो हिशेब. १९४८ साली हैद्राबाद संस्थान भारतात विलीन झाले, तरी हाली नाणे १९५९ पर्यंत चलनात होते. कलदारात घेतलेले देणे हाली विक्रीतून फेडावयाचे असेल तर जाणता व्यापारी वहीत वेगळा रकाना ठेवी. परदेशी उद्योग घेणाऱ्यानेही तोच रकाना ठेवावयाचा आहे. ज्या नाण्यात मिळकत, शक्यतो त्याच नाण्यात कर्ज, हा आपल्या पूर्वजांचाच नियम होय.

तुरीच्या बाबतीत सरकारी हुकुमाचा अनुभव तर आपल्या घरचाच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातील माल तेवढा वगळला. लातूरच्या बाजारातील शेतकऱ्यास भाव मिळावा हा त्यामागील हेतू. परंतु तिकडे मोझांबिकमधील शेतकऱ्याच्या दारातील भाव कोसळला. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. २०२३ च्या अखेरीस तर आपल्याकडे यावयाची तूर न्यायालयीन वादामुळे तेथील नाकाला बंदरात अडकून पडली. ज्या पेढीची सारी मिळकत दिल्लीतील एका अधिसूचनेवर आणि परक्या बंदरातील एका हुकुमावर टांगलेली आहे, तिचा तीन चांगल्या वर्षांचा नफा पाहून भाळणे शहाणपणाचे नव्हे.

आता तपासणीची रीत थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळाची वधूवर सूची असते. स्थळ आले की आपण सूचीतील चार ओळींवर विसंबतो काय? शेजारी, नातलग, गावातील दुकानदार यांच्याकडे चौकशी करतो. उद्योगाच्या बाबतीतही विकणाऱ्याने दिलेले पुस्तक म्हणजे सूचीतील चार ओळी समजाव्यात. हा उद्योग विकला का जात आहे, हे विकणाऱ्यास विचारावेच. परंतु त्याच्या गिऱ्हाइकांस, माल पुरविणाऱ्यांस, कर्ज देणाऱ्यांस आणि तेथून नोकरी सोडून गेलेल्यांसही विचारावे. मोठे गिऱ्हाईक एकच आहे काय, आणि मालक बदलल्यावर ते राहील काय, हे पाहावे. कामगारांचे देणे, करांची थकबाकी आणि चालू खटले यांची यादी त्या देशातील वकील व हिशेबनीस यांच्याकडून लेखी घ्यावी, आणि ती माणसे विकणाऱ्याने नव्हे, आपण निवडलेली असावीत. जमिनीचा हक्क त्या देशाच्या कायद्याने तपासावा. ठरलेल्या किमतीचा काही भाग वर्ष-दोन वर्षे तटस्थ बँकेत अडकवून ठेवावा, म्हणजे मागील देणे निघाल्यास त्यातून वळते करता येईल.

आपल्या देशातील कायदाही पाहावा लागतो. परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाले आहेत. भारतीय कंपनीस सामान्यतः आपल्या निव्वळ मत्तेच्या चौपटीपर्यंत परदेशी उद्योगात बांधून घेता येते, आणि त्यात केवळ रोख रक्कम नव्हे, दिलेली जामीनकीही मोजली जाते. परंतु कायदा चौपटीपर्यंत जाऊ देतो म्हणून आपण जावे असे नाही. कायद्याची मर्यादा वेगळी आणि घराची मर्यादा वेगळी.

येथे आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. घ्यावयाच्या पेढीची वही तपासण्यापूर्वी घेणाऱ्याने स्वतःची वही तपासली पाहिजे. विकत घेतलेला उद्योग दोन वर्षे एक पैसाही न देता उलट खातच राहिला, तर आपली मूळ पेढी तग धरील काय? टाटांचा मोटारीचा व्यवहार तरला, कारण पहिल्या वर्षाचा मार सोसण्याइतका दम पाठीशी होता. जळगावच्या जैन इरिगेशनने इस्राएलमधील नानदान ही ठिबक सिंचनाची कंपनी २००७ साली आधी निम्मीच घेतली आणि उरलेली निम्मी २०१२ साली, म्हणजे पाच वर्षे शेजारी बसून पाहिल्यावर घेतली. ही पायरीपायरीची रीत आम्हास फार आवडते. तरीही पुढे मूळ कंपनीचे कर्ज डोईजड झाले, आणि २०२३ साली तिचा परदेशातील सिंचनाचा व्यवसाय रिवुलिस या कंपनीत विलीन करून २२ टक्के हिश्श्यावर समाधान मानावे लागले. घेतलेली वस्तू उत्तम असूनही घेणाऱ्याच्या खांद्यावरील आधीचे ओझे आड येते, ते असे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून आपण आम्हास जाऊ देणार नाही. आम्ही त्यास सांगितले की, हिशेब आम्ही येथे पाहतो, तू तिकडे जाऊन एक हंगाम राहा. तो भाद्रपदात गेला आणि दिवाळीच्या तोंडावर परत आला. आठ मालमोटारींपैकी तीनच चालतात, असे त्याने पाहिले. खेड्यांतून तूर गोळा करणारी माणसे विकणाऱ्याच्या नात्यागोत्यातील असून तो गेला की तीही जाणार होती. रंगीत पुस्तकात गोदामांखालील जमीन 'स्वतःची' असे छापले होते. मोझांबिकच्या राज्यघटनेप्रमाणे सर्व जमीन सरकारच्या मालकीची. खाजगी माणसास केवळ वापराचा हक्क मिळतो. पेढी लबाडाची होती असे आम्ही म्हणत नाही. तुरीचा व्यापार खरा होता, मालही चांगला होता. परंतु त्या किमतीला जे मिळेल असे पुस्तक सांगत होते, त्यातील निम्मे विकणाऱ्याच्या हातात देण्यासारखे नव्हतेच.

शेवटी त्याने वेगळा प्रस्ताव धाडला आहे. एक गोदाम दोन हंगाम भाड्याने, तेथील जाणता माणूस पगारावर, खर्च मिलच्या शिलकीतून. वाडा तारण नाही. दोन हंगामांनंतर दोघांसही पटले तर निम्मी भागीदारी. विकणाऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. कदाचित दुसरा कोणी पूर्ण किंमत देऊन ती पेढी घेईल, आणि कदाचित भरपूर कमवीलही. तसे झाले तर या तरुणास हळहळ वाटेल आणि आमचा सल्ला भित्रेपणाचा ठरेल, हे आम्ही त्यास स्पष्ट सांगून ठेवले आहे. परंतु हुकलेल्या नफ्याने कोणाच्या आजीस वाडा सोडावा लागत नाही.

आपल्या तरुणांनी परदेशी जाऊ नये, तेथे उद्योग घेऊ नयेत, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आपले पूर्वज बैलगाडीने परमुलखात माल नेत होते. नातवंडांनी विमानाने जावे हे स्वाभाविकच आहे. आमची एकच विनंती मंडळास आहे. शिष्यवृत्ती समिती आहे, विवाह समिती आहे. तशी हिशेब, कायदा आणि बँक यांतील जाणत्या ज्ञातिबांधवांची एक लहानशी सल्लागार समितीही असावी. कोणत्याही कुटुंबाने मोठ्या खरेदीवर, मग ती मोझांबिकची असो की मुखेडची, सही करण्यापूर्वी आपली कागदपत्रे तिच्यापुढे विनामूल्य ठेवावीत. आमचा वेळ आम्ही आजच तिच्या हवाली करतो. ज्यांचा प्लॉट आमच्या चुकीने गेला, ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांचे ऋण फेडण्याचा याहून दुसरा मार्ग आम्हास सुचत नाही.